फवारणीचे विज्ञान : नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२४

यंदाच्या नववीच्या वर्गासाठी विज्ञानाचा वर्षप्रकल्प म्हणून कपाशीवरील फवारणी हा विषय आज निश्चित केला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आज नववीच्या बाकांवर बसलेली मुले तेव्हा पहिली-दुसरीत होती. त्यांच्यापैकी काहींचे वडील स्वतःच्या वावरात फवारतात, काहींचे वडील दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारायला जातात. दोन्ही घरांतली मुले एकाच वर्गात असल्यामुळे या विषयात रसायनशास्त्र, चेतासंस्था आणि वाऱ्याचा वेग यांच्याबरोबरच खर्च कोणाचा आणि धोका कोणाचा हा प्रश्नही येणारच, आणि तो यावा अशीच प्रकल्पाची रचना आहे.

साधने मोजकी आहेत. सिमकार्ड नसलेले काही जुने स्मार्टफोन, कार्यालयातील एक डेस्कटॉप संगणक आणि एक प्रोजेक्टर. पालकांचे मोबाइल दिवसभर त्यांच्यासोबत वावरात असतात, त्यामुळे ‘घरी जाऊन व्हिडिओ पाहा’ असा गृहपाठ या प्रकल्पात असणार नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमधून उघडणारे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरील साहित्य उपयोगी आहे, परंतु शाळेत नेटवर्क धड मिळत नसल्याने लागेल तेवढेच आधी उतरवून ठेवले आहे. मोबाइलचा मुख्य उपयोग मोजमापासाठी करायचा असे ठरवले आहे. दुसऱ्याने सांगितलेला धोका मुले ऐकून घेतात आणि विसरतात. स्वतः मोजलेला आकडा मात्र ती घरी जाऊन सांगतात, आणि या विषयात घरी जाऊन सांगणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

८ जुलै २०२४

सुरक्षिततेचे नियम वर्गात चर्चा करून लिहून काढले आणि पालकांच्या सह्यांसाठी पाठवले. कोणताही विद्यार्थी कीटकनाशकाचा डबा, रिकामी बाटली, वापरलेला पंप किंवा फवारणीचे कपडे हाताळणार नाही. सर्व प्रयोग स्वच्छ पाणी आणि कपड्यांना द्यायची नीळ यांवरच होतील. त्यासाठी कधीही औषध न भरलेला नवा पाठीवरचा पंप शाळेने घेतला आहे आणि प्रयोगात तो केवळ प्रौढ व्यक्ती चालवेल.

आणखी एक नियम लेखी दिला नाही, मात्र सहकारी शिक्षकांशी बोलून पक्का केला. विषारीपणाची आकडेमोड करताना माणसाच्या वजनाने गुणण्याचे कोणतेही उदाहरण वर्गात घ्यायचे नाही. आपल्या भागात कीटकनाशकाचा डबा अनेक घरांत एका वेगळ्या दुःखाचीही आठवण करून देतो. तुलना लेबलवरील विषारीपणा दाखवणाऱ्या रंगांच्या पातळीवर थांबेल. औषधे कुलपात ठेवण्याचा आग्रह मात्र पहिल्या तासापासून धरायचा आहे.

१९ जुलै २०२४

लेबलचा पाठ आज झाला. कृषी केंद्राच्या मालकांनी काउंटरवर बंद डबे मांडून ठेवले आणि मुलांनी हात न लावता, शेजारी फूटपट्टी ठेवून त्यांचे फोटो काढले. भारतात कीटकनाशकाच्या लेबलवर ४५ अंशांत वळवलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाच्या रंगावरून विषारीपणा कळतो. तोंडावाटे दिलेली किती मात्रा प्रयोगातील निम्म्या प्राण्यांना मारते, यावर हे वर्ग ठरतात. दर किलो वजनामागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. आकडा लहान असेल तर विष अधिक तीव्र, ही उलटी चाल समजायला वर्गाला वेळ लागला. अखेरीस मुलांनी फळ्यावर संख्यारेषा काढून तिच्यावर रंग भरले, तेव्हा ती सर्वांच्या लक्षात आली.

नियमानुसार हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान एक षोडशांश क्षेत्रफळाचा असावा लागतो. मुलांनी संगणकावर फोटोतील क्षेत्रफळे मोजून ही अट तपासली आणि पाहिलेल्या डब्यांवर ती पाळलेली आढळली. त्यानंतर त्यांनी सोबतच्या माहितीपत्रकाकडे मोर्चा वळवला. त्यातील मराठी मजकुराच्या अक्षरांची उंची फूटपट्टीच्या एका मिलिमीटरच्या घरातच बसत होती. एका विद्यार्थिनीने तो फोटो प्रोजेक्टरवर मोठा करून वाचला, तेव्हा प्रथमोपचार, विषावरचा उतारा आणि फवारणीनंतर किती दिवस थांबायचे ही सर्व माहिती तेथे मराठीत दिलेली होती. माहिती आहे, परंतु चाळिशी लागलेल्या माणसाला वावरात उभे राहून ती वाचता येत नाही, हा वर्गाचा निष्कर्ष मला नेमका वाटला. त्यावर उपाय म्हणून मुले आता घरच्या मोठ्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्याने मजकूर मोठा करून वाचायला शिकवणार आहेत.

२ ऑगस्ट २०२४

नियंत्रण आणि समन्वय हा भाग पुस्तकात पुढे आहे. तो आत्ताच घेतला, कारण गावात फवारणी सुरू झाली आहे. एका चेतापेशीकडून पुढच्या पेशीकडे किंवा स्नायूकडे संदेश जाताना मधल्या संपर्कस्थानात ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडले जाते आणि काम होताच ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके हे विकरच अडवतात. मग संदेश थांबतच नाही. घाम, लाळ आणि अश्रू वाहू लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, उलट्या होतात, स्नायू फडफडतात आणि श्वास अडखळतो. अळीच्या शरीरात आणि माणसाच्या शरीरात ही यंत्रणा मुळात एकच असल्यामुळे अळीसाठी बनवलेले रसायन फवारणाऱ्यालाही बाधते.

मुलांनी या प्रक्रियेची छोटी चित्रफीत तयार केली. तुरीचे दाणे हे ॲसिटिलकोलिन, पुठ्ठ्याचा चिमटा हे विकर आणि चिमट्याच्या तोंडावर लावलेली चिकटपट्टी हे कीटकनाशक. मोबाइल स्टुलाला बांधून, दाणे थोडेथोडे सरकवत एकेक फोटो घेतला आणि ते सारे फोटो जोडले. तयार चित्रफीत दाखवणे याहून सोपे होते, परंतु प्रत्येक फोटोच्या आधी ‘आता कोणता दाणा कुठे जाईल?’ हे गटाला ठरवावे लागले आणि त्या ठरवण्यातच पाठ झाला. अशा विषबाधेवर ॲट्रोपिन हे औषध दिल्यावर काय होते हे दाखवताना एका गटाने चिमट्याची चिकटपट्टी काढून टाकली. दुसऱ्या गटाने त्यांना थांबवले : ॲट्रोपिन विकर मोकळे करत नाही, ते ॲसिटिलकोलिनच्या बसण्याच्या काही जागा झाकून घेते, आणि विकर मोकळे करण्यासाठी वेळेत दिले जाणारे प्रॅलिडॉक्सिम हे औषध वेगळे असते. हा वाद मुलांनी आपसांत पुस्तक आणि टिपणे पाहून मिटवला. मला केवळ शेवटी मान डोलवावी लागली.

१७ ऑगस्ट २०२४

थेंबांचा पाठ. शाळेच्या पंपाला कीटकनाशकासाठी वापरतात तसा पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारा नोझल बसवला आणि साध्या पाण्याची फवारणी काळ्या कापडासमोर मंदगती चित्रीकरणात टिपली. मोठे थेंब वळण घेऊन खाली येताना दिसतात. त्यांच्याभोवती राहणारे धुके मात्र खाली येतच नाही, ते वाऱ्याबरोबर चौकटीच्या बाहेर निघून जाते.

यानंतर गणित केले. शांत हवेत १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा पाण्याचा थेंब सेकंदाला साधारण पाव मीटर वेगाने पडतो, म्हणजे एक मीटर खाली यायला त्याला सुमारे ४ सेकंद लागतात. २० मायक्रॉनच्या थेंबाला तेवढ्याच अंतरासाठी ८० सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. वारा सेकंदाला केवळ एक मीटर असला, तरी पहिला थेंब ४ मीटर बाजूला जाईल आणि दुसरा शेजारच्या धुऱ्यापलीकडे पोहोचेल. वाटेत पाण्याचे बाष्पीभवन होऊन थेंब आणखी बारीक होतो, तो भाग आम्ही हिशेबात धरला नाही. १०० मायक्रॉनच्या एका थेंबातून २० मायक्रॉनचे १२५ थेंब होतात, हे मुलांनी घनफळाच्या सूत्रावरून स्वतः काढले. २०१७ च्या घटनांनंतर झालेल्या चर्चेत फार बारीक धुके सोडणाऱ्या पंपांचा उल्लेख वारंवार आला होता; आज त्या उल्लेखामागचे भौतिकशास्त्र वर्गाला आपल्या हाताने मांडता आले.

याच आठवड्यात शाळेजवळच्या एका वावरात, मालकाच्या परवानगीने, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे) लावले. नोंदी दररोज स्प्रेडशीटमध्ये भरल्या जातील.

३१ ऑगस्ट २०२४

प्रकल्पातील सर्वांत मोठा प्रयोग आज शाळेच्या मैदानावर झाला. सोमवारी पोळा असल्यामुळे पालकांना बैलांच्या सजावटीची घाई होती, तरी बरेच जण आले. गेल्या हंगामातल्या सरपणासाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) आणून त्यांच्या ओळी रोवल्या होत्या : एका बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीच्या आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन बांधून डोक्याएवढ्या केलेल्या. २०१७ मध्ये कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती आणि फवारा छाती-तोंडाच्या पातळीवर मारावा लागत होता, ही गोष्ट गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचा परिणाम किती, हे मोजायचे होते.

रोजीने फवारणीला जाणाऱ्या एका पालकांनी पंप पाठीवर घेतला. त्यांच्या जुन्या सदऱ्यावर आणि पँटवर छाती, दंड, मांडी, नडगी आणि पाठ अशा ठिकाणी १० सेंटिमीटर बाजूचे पांढरे चित्रकलेचे कागद टाचले होते. पंपात नीळ घातलेले पाणी होते. ‘नेहमी फवारता तसेच फवारा, भाऊ’ एवढीच सूचना त्यांना दिली. ते समोर फवारा मारत, नुकत्याच भिजलेल्या ओळीतून पुढे चालत गेले, जसे सगळेच जातात. प्रत्येक फेरीनंतर कागद काढून, वाळवून, स्टुलाला बांधलेल्या मोबाइलने सारख्या उंचीवरून आणि सारख्या उजेडात त्यांचे फोटो घेतले. संगणकावरील इमेजजे या मोफत प्रणालीत निळा भाग वेगळा करून त्याचे क्षेत्रफळ टक्क्यांत काढले.

लहान झाडांच्या फेरीत नडगी आणि मांडीवरचे कागद सर्वांत जास्त निळे झाले. उंच झाडांच्या फेरीत तो रंग छाती, दंड आणि तोंडावर बांधलेल्या रुमालापर्यंत चढला. तिसऱ्या फेरीत भाऊंनी वारा एका अंगाने घेऊन, नळी बाजूला धरून आणि न फवारलेल्या ओळीतून चालत फवारणी केली, तेव्हा छातीवरचा कागद जवळपास कोरा राहिला. पालकांनी तो कागद हातोहात फिरवून पाहिला.

अनपेक्षित निकाल पाठीचा होता. तिन्ही फेऱ्यांत पाठीवरच्या कागदावर निळे ओघळ होते. भाऊंनी तो कागद हातात घेऊन विचारले, “पाठीवर त म्या फवाराच नाही मारला ना सर, मंग हा कागद निळा कसा झाला?” ओघळांचा आकार थेंबांसारखा नसून वरून खाली आलेल्या रेघांसारखा आहे, हे एका विद्यार्थिनीने फोटोत दाखवले आणि गटाने पंप तपासला. झाकणाचा रबरी वायसर नीट बसत नव्हता. वाकले की पाणी मानेखालून पाठीवर उतरत होते. पंप नवा आहे. वावरात वर्षानुवर्षे वापरलेल्या पंपांचे काय होत असेल, हे उपस्थित पालकांना वेगळे सांगावे लागले नाही. फवारणाऱ्याच्या शरीरात कीटकनाशक जाण्याचा मुख्य मार्ग त्वचा हाच असतो आणि सुती सदरा ओला होऊन दिवसभर अंगाला चिकटून राहतो, म्हणून हे ओघळ छातीवरच्या थेंबांइतकेच महत्त्वाचे आहेत.

नीळ म्हणजे कीटकनाशक नव्हे. या प्रयोगातून द्रव अंगावर कुठे पडतो एवढेच कळते. शरीरात किती गेले हे कळत नाही. अहवालात हे वाक्य मुलांनी स्वतःहून पहिल्या पानावर घेतले, याचे मला मनापासून समाधान वाटले.

१८ सप्टेंबर २०२४

सापळ्यांच्या नोंदींवरून आलेख काढला. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे किडलेली आढळली, तर फवारणीचा विचार करावा. मुलांनी आलेखावर ८ ची आडवी रेघ ओढली. त्यांनी डोमकळ्यांचेही फोटो घेतले : पाकळ्या अळीच्या धाग्यांनी बांधल्या गेल्यामुळे न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले. आलेखाची रेघ अजून ८ च्या खाली असताना शेजारच्या वावरात फवारणी झाली, कारण ‘बाजूवाल्यानं मारलं’. वर्गाने याची नोंद घेतली, परंतु त्या शेतकऱ्याला दोष देणारे वाक्य अहवालात येऊ दिले नाही. एका वर्षाच्या पिकावर कर्ज उभे असताना आलेखावर विसंबून थांबणे सोपे नसते, असे एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते.

दुपारी नैसर्गिक निवडीचा पाठ घेतला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील सशांचे अनुरूपण (सिम्युलेशन) इंटरनेटशिवाय चालते, ते संगणकावर आधीच उतरवून ठेवले होते. तपकिरी परिसरात पांढऱ्या सशांमध्ये एखादा तपकिरी ससा सोडून लांडगे आणले, की काही पिढ्यांत तपकिरी सशांचीच संख्या वाढते. ‘लांडग्यांमुळे ससे तपकिरी झाले का?’ या प्रश्नावर निम्म्या वर्गाने हात वर केले. अनुरूपण मागे नेऊन पाहिले, तेव्हा लांडगे येण्याआधीच तपकिरी ससा कळपात होता हे दिसले. मग सशांच्या जागी गुलाबी बोंडअळी आणि लांडग्यांच्या जागी बीटी कपाशी ठेवली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक असलेल्या कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुके असलेली बीजी-२ कपाशी २००६ मध्ये आली, आणि पुढील दशकात गुलाबी बोंडअळी दोन्हींना दाद देईनाशी झाली. बियाण्यासोबत बिगर-बीटी कपाशी का लावायची, हेही याच चित्रातून उलगडले : तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होत राहिला, तर प्रतिकारक अळ्यांची संख्या हळू वाढते. वर्गातील कित्येकांच्या घरी ते बिगर-बीटी बियाणे बांधावर फेकले जायचे, अशी माहिती मुलांनीच दिली.

२७ सप्टेंबर २०२४

हातमोजे, चष्मा आणि अंगभर प्लास्टिकचा पोशाख लोक का वापरत नाहीत, यावर आज काम झाले. कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमापक वापरून मुलांनी मैदानातली आर्द्रता काढली. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या तोंडावर हवा दमट आणि ऊन कडक असते. प्लास्टिकच्या आत घामाचे बाष्पीभवन होत नाही आणि शरीर थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. एका मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून ठेवला आणि पिशवीच्या आतील बाजूस जमलेले पाणी काही मिनिटांतच सर्वांनी पाहिले. अशा परिस्थितीत फवारणाऱ्याला ‘निष्काळजी’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. सकाळी लवकर फवारणे, लांब बाह्यांचा कोरडा सदरा, नायट्राइलचे हातमोजे, कंबरेपासून खाली मेणकापड, बसणारा वायसर आणि काम संपताच साबणाने अंघोळ, अशी झेपेल एवढी यादी वर्गाने तयार केली.

त्यानंतर चर्चा खर्चावर आली. कीटकनाशके नियम, १९७१ मध्ये फवारणी करणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे असावेत अशी तरतूद आहे, हे मुलांनी वाचले होते. ते कपडे कोणी घ्यायचे, यावर मात्र वर्ग सरळ दोन भागांत विभागला गेला. ज्यांच्या घरी वावर आहे त्यांचे म्हणणे असे, की मजूर रोज वेगवेगळ्या ठिकाणी जातो, तेव्हा हातमोजे त्याचे स्वतःचे असावेत. ज्यांचे वडील रोजीने जातात त्यांनी विचारले, की पंप मालकाचा आणि औषध मालकाचे, तर हातमोजे मजुराचे कसे? मी कोणतीही बाजू घेतली नाही, परंतु प्रत्येकाला समोरच्या बाजूचा एक मुद्दा पुराव्यासह लिहायला सांगितले आणि गुणदान त्याच लेखनावर ठेवले.

३ ऑक्टोबर २०२४

काल २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मुलांनी प्रकल्प मांडला. तुरीच्या दाण्यांची चित्रफीत, निळे कागद आणि सापळ्यांचा आलेख एवढेच दाखवले. सर्वाधिक प्रश्न पाठीवरच्या ओघळांबद्दल आले आणि सभा संपल्यावर तिघांनी आपल्या पंपाच्या वायसरबद्दल विचारणा केली. ग्रामपंचायतीच्या फलकावर सापळ्यांचे साप्ताहिक आकडे लावायला मान्यता मिळाली. ते आकडे दर शनिवारी वर्गाचा एक गट लिहील. हातमोजांच्या खर्चाचा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे सरपंचांनी सांगितले आहे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची कामे अशी ठरली आहेत. कागदांचे मूळ फोटो आणि मोजणीची स्प्रेडशीट पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्यातील इच्छुक शाळांना द्यायची. उंच झाडांची फेरी वाऱ्याच्या दोन वेगळ्या वेगांत पुन्हा करायची, कारण या वेळी वारा जवळपास पडलेला होता. आणि हातमोजांच्या प्रश्नासाठी मालक व मजूर या दोन्ही गटांकडून भरून घ्यायच्या प्रश्नावलीचा मसुदा मुलांनी सोमवारपर्यंत तयार करायचा आहे.